बुटक्या जीपचा धडा

गेल्या रविवारी सकाळी फोन वाजला. "राम राम साहेब. पोरानं जिप्सी घेतलीय." पलीकडे आमचे जुने सुभेदारसाहेब होते. मी कॅप्टन असताना ते आमच्या युनिटचे एमटी जेसीओ होते, म्हणजे सगळ्या गाड्यांचे मालक. आता निवृत्त होऊन पाटण तालुक्यातल्या गावी शेती बघतात. मुलाने फौजेतून निकाली निघालेली एक जिप्सी कुणाकडून तरी विकत घेतली होती, आणि आता तिला पाच इंच उंच करायचं त्याच्या डोक्यात होतं. गॅरेजवाल्याने भाव सांगितला होता पंधरा हजार. लांब शॅकल, मागे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा एकेक जादा पाटा आणि पुढे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे.

"पोरगं म्हणतंय फौजी लुक येतो. माझं ऐकत न्हाय. तुम्ही सांगा त्याला, साहेब."

सुभेदारसाहेबांनी हे काम माझ्याकडेच का दिलं, ते मला कळलं. त्याविषयी पुढे सांगतो. आधी त्या 'फौजी लुक'बद्दल.

सध्या मी जबलपूरला आहे. भारतीय फौजेच्या गाड्यांचा इतिहास लिहायला याहून योग्य गाव नाही. 1904 पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे. 1969 मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि तिथून शक्तिमान ट्रक, निसान वन-टन आणि जोंगा बाहेर पडत राहिल्या. जोंगा हे नावसुद्धा जबलपूरचंच. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली'ची अक्षरं जुळवून ते झालं. पण गोष्ट सुरू होते त्याच्याही आधी, 1940 मध्ये, अमेरिकेत.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकन फौजेने 135 कंपन्यांना एका हलक्या टेहळणी गाडीसाठी विचारणा केली. नमुना गाडी 49 दिवसांत हवी होती. ही मुदत बघून बहुतेकांनी पाठ फिरवली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला, आणि 23 सप्टेंबर 1940 ला पहिली गाडी बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्डला पोहोचली. त्यातूनच पुढे विलीज आणि फोर्डने लाखोंच्या संख्येत बनवलेली जीप आली.

फौजेच्या अटींमध्ये गाडीचं वजन किती कमी हवं हे होतं, चारही चाकांना ताकद मिळावी हे होतं, आणि गाडी ठेंगणी हवी हेही होतं. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता यावी, म्हणजे झुडपाआड गाडी दिसेनाशी होईल. टेहळणीला जाणारा शिपाई वाकून चालतो, तशी त्याची गाडीही वाकलेलीच हवी. गंमत म्हणजे या बुटक्या जीपच्या पोटाखाली 8.75 इंच, म्हणजे साधारण 222 मिमी मोकळी जागा होती. आपल्या जिप्सीची कंपनीने दिलेली जागा आहे 210 मिमी. म्हणजे 1941 ची जीप दिसायला खाली होती, पण दगडावरून जाताना जिप्सीपेक्षा अर्धा इंच वरच होती. गाडीची उंची आणि गाडीखालची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

ही जीप आपल्याकडे स्थिरावली ती मुंबईतून. महिंद्र कंपनीने 1949 मध्ये माझगावात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे याच जातीच्या जीपवर फौजेने 106 मिमीच्या रिकॉइललेस तोफा बसवल्या. 1965 च्या सप्टेंबरमध्ये खेमकरण भागात चीमा गावाजवळ, असल उत्तरच्या लढाईत, 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद अशीच एक जीप घेऊन उसाच्या शेतात दबा धरून बसले होते. या तोफेचा एक मोठा दोष आहे. गोळा सुटला की मागून ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो आणि जागा उघडी पडते. म्हणून एक नेम धरायचा आणि लगेच जागा बदलायची. उसात लपेल इतकी बुटकी आणि क्षणात पळेल इतकी हलकी गाडी होती म्हणून पॅटन रणगाड्यांपुढे हा खेळ शक्य झाला. 10 सप्टेंबरला हमीद धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. ग्रेनेडियर्सचं रेजिमेंटल सेंटर याच जबलपुरात आहे. 'फौजी लुक' कशाला म्हणायचं, हा प्रश्न पडला की मला ती उसातली जीप आठवते.

आता पाट्यांकडे येऊ. विलीज, जोंगा आणि जिप्सी या तिघींच्या खाली लोखंडी पाट्यांची कमान आहे. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटने 1804 मध्ये लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. मग फौजेने इतकं जुनं तंत्र का धरून ठेवलं? कारण पाट्यांचा जुडगा एकाच वेळी तीन कामं करतो. वजन पेलतो, ॲक्सल जागेवर धरून ठेवतो आणि एकमेकांवर घासून थोडा हिसकाही जिरवतो. एक पाटा तुटला तरी गाडी लंगडत घरी येते. पन्नास किलोमीटरवरच्या गावातला लोहारसुद्धा त्याचं काहीतरी करू शकतो. जपानमध्ये जिप्सीची बहीण असलेल्या जिम्नीला 1995 मध्ये कॉइल स्प्रिंग आले. आपली जिप्सी 1985 मध्ये आली ती पाट्यांवर आणि गेली तीही पाट्यांवरच.

नवं तंत्र नेहमी बरं असतं असंही नाही. अमेरिकेने जीपच्या जागी एम-151 आणली. ती व्हिएतनाममध्ये खूप वापरली गेली. तिला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग होते. चाल मऊ होती, वेगही चांगला होता. पण जोरात वळण घेतलं की मागचं चाक आत दुमडायचं, गाडीची मागची बाजू उचलली जायची आणि गाडी उलटायची. जुन्या जीपवर हात बसलेले ड्रायव्हर यात फसले. 1970 च्या ए-2 नमुन्यात मागचं सस्पेन्शन बदलावं लागलं, पुढे छतावर संरक्षक सांगाडेही बसवले गेले. इतकं करूनही निकाली गाड्या लोकांना सरळ विकायची त्यांची हिंमत झाली नाही. गाड्या कापून भंगारात काढल्या. ज्या फौजेने जीपला जन्म दिला, तिलाही सस्पेन्शनमधली चूक इतकी महाग पडली.

सुभेदारसाहेबांच्या मुलाशी बोलताना मी इथूनच सुरुवात केली. त्याला विचारलं, "गाडी नक्की कुठे घासते?"

"मागचा गोळा घासतो, सर. आमच्या रस्त्याला मधे दगड आहेत."

गोळा म्हणजे डिफरन्शिअल. तो ॲक्सलमध्ये असतो, आणि ॲक्सल असतो चाकांवर. तू पाटे उंच कर, शॅकल लांब कर, वर जाणार ती बॉडी. गोळा होता तिथेच राहणार, कारण चाकं होती तिथेच आहेत. पंधरा हजार खर्चून ज्या दगडावर आज घासतोस, त्याच दगडावर उद्याही घासशील. फक्त जरा उंचावरून बघशील. गोळा वर न्यायचा एकच साधा मार्ग आहे, मोठा टायर. जिप्सीचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिमी व्यासाचा. 215/75 आर 15 घेतला तर 703 मिमी. फरकाचा निम्मा भाग, म्हणजे जवळजवळ 18 मिमी, गोळा खरोखर वर जातो. सस्पेन्शन उंच करण्याचे फायदे वेगळे आहेत. मोठ्या टायरला जागा होते आणि चढाच्या पायथ्याशी बंपर टेकत नाही.

मग शॅकल. शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. आणि पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असेल तर तो लांब केल्यावर ॲक्सल फिरतो आणि कॅस्टरचा कोन कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वेगात गाडी भरकटू लागते. पुढच्या ॲक्सलला ठोकळे तर घालूच नयेत. जोरात ब्रेक लागला की ते निसटायला बघतात. पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायची एक पद्धत आहे, तिने जिप्सी एकदम पाचेक इंच उचलते. पण त्यापाठोपाठ स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकचे पाइप, प्रॉपेलर शाफ्टचे कोन असं सगळं बदलावं लागतं. ते स्वस्तातलं काम नाही. स्वस्तात करतात ते अर्धवट करतात.

आता ते पुढचं, जे सांगायचं राहिलं होतं.

अरुणाचलमध्ये पोस्टिंग असताना मीही हेच केलं होतं. पावसात रस्त्याला खोल चाकोऱ्या पडायच्या आणि आमच्या एका जिप्सीचं पोट टेकायचं. सुभेदारसाहेब म्हणाले होते, "साहेब, भार कमी करू, खेपा वाढवू." मी ऐकलं नाही. मागे जादा पाटा, चारही बाजूंना लांब शॅकल. परवानगी कुणाची घेतली नाही. गाडी झोकात उभी राहिली, मला अभिमानही वाटला. तिसऱ्या आठवड्यात टपावर सामान बांधून ती दरीकडे कललेल्या वळणावर आली, डावं पुढचं चाक चाकोरीत गेलं आणि गाडी शांतपणे आडवी झाली. वेग दहा-बाराच्या वर नसेल. दरीच्या काठावरच्या झाडाने ती अडवली. ड्रायव्हरला सुभेदारसाहेबांनी बाहेर ओढलं. त्याच्या डाव्या हाताचा कोपरा पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, दोष माझा ठरला, तो माझाच होता. मला ताशेरे मिळाले. त्याला लो मेडिकल कॅटेगरी मिळाली. दोन्हींतला फरक मी विसरलेलो नाही.

हिशेब कागदावर मांडला असता तर आधीच दिसला असता. जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण 1300 मिमी. समजा, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 650 मिमी आहे. उभी गाडी कागदावर 45 अंश कलेपर्यंत टिकते. बॉडी पाच इंच उचला, गुरुत्वमध्य समजा 100 मिमी वर गेला. आता ती 41 अंशांतच उलटते. टपावर सामान असेल तर आणखी लवकर, आणि चालत्या गाडीला खड्डा लागला की त्याहून कितीतरी आधी. चार अंश ऐकायला थोडे वाटतात. आमच्या त्या वळणावर तेवढेही जास्त ठरले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग करू काय, सर?"

मी त्याला क्रम सांगितला. आधी गाडी सपाट जागी उभी करून चारही बाजूंची उंची मोज. फौजेत वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्या जिप्सीचे पाटे बसलेले असतात. मूळ मापाचे नवे पाटे, बुश, यू-बोल्ट आणि शॉकअप टाकले तर हरवलेली उंची परत मिळते, आणि ती हक्काची असते. जुन्या पाट्यांना भट्टीत तापवून कमान देऊ नकोस, पोलादाचं पाणी उतरतं आणि महिन्याभरात ते पुन्हा बसतात. मग टायर एक माप मोठे घे, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून कुठे घासतात का बघ. तरीही कमी पडलं तर जास्तीत जास्त दोन इंचांचा, याच गाडीसाठी बनवलेला पाट्यांचा पूर्ण संच घे, त्याच मापाचे शॉकअप आणि ब्रेकचे होज पाइप यांच्यासह. पण त्याआधी आरटीओत विचार. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघणार. आणि टपावर काही बांधू नकोस.

मग त्या रस्त्यातले दगड. ते पहारीने निघतात का, तेही एकदा बघ म्हटलं. फौजेत आम्ही तेही करतो.

परवा सुभेदारसाहेबांचा पुन्हा फोन आला. नवे पाटे आणि शॉकअप टाकले. मागची उंची जवळजवळ दीड इंच परत आली. टायर दिवाळीनंतर. बापलेकांनी दोन दिवस खपून रस्त्यातले तीन मोठे दगड काढले.

"गाडी बुटकीच दिसतीय, पोरगं जरा नाराज हाय," ते म्हणाले.

"असू द्या," मी म्हटलं. "फौजी गाडी बुटकीच असते."

जय हिंद.