भुई मालकाची, घर कोणाचे?

आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, भाडेपट्टा हा वकिलांचा प्रांत. मुदत संपली की काय होते ते वकिलांनी सांगावे. इतिहासाच्या माणसाने त्यात कशाला पडावे?" त्यांचे म्हणणे वरवर खरे वाटते. पण नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा लिहून देणारा आणि लिहून घेणारा हे दोघेही त्याची मुदत भरताना हयात नसतात. कागद पणजोबाने करावा आणि त्याचा निकाल पणतूच्या काळात लागावा, असा हा व्यवहार आहे. मधल्या काळात राज्ये बदलतात, कायदे बदलतात, माणसांची न्यायाची कल्पनाही बदलते. म्हणून हा प्रश्न मी इतिहासाचाच मानतो.

राहत्या घरासाठी लांब मुदतीने जमीन देण्याची रीत फोफावली ती इंग्लंडात, आणि विशेषेकरून लंडन शहरात. तेथे मोठमोठ्या जमिनी सरदार घराण्यांच्या हातांत होत्या. घराण्याच्या व्यवस्थापत्रांनी त्या अशा जखडून टाकलेल्या असत की, हयात मालकाला त्या मन मानेल तशा विकता येत नसत. शहर वाढू लागले, जमिनीला भाव आला. विकता तर येत नाही, आणि घरे बांधायला पदरची रोकड घालायची नाही. मग तोड निघाली ती अशी. बांधणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घर बांधावे, मालकाला दर वर्षी अल्पसे भुईभाडे द्यावे, आणि ठरलेली मुदत भरली की जमीन घरासकट मालकाकडे परत यावी. 'घरासकट' हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. पुढचे सारे रामायण त्या एका शब्दापायी घडलेले आहे. जे जमिनीला जडले ते जमिनीचे झाले, हे रोमन कायद्यातले जुने सूत्र इंग्लिश कायद्याने आपलेसे केले होते.

ह्या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ग्रोव्हनर घराणे. १६७७ साली सर टॉमस ग्रोव्हनर ह्याने मेरी डेव्हिस नावाच्या मुलीशी लग्न केले. वधूचे वय बारा वर्षांचे होते. बालविवाह ही केवळ आपलीच चाल असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिच्या वारशाने लंडनच्या पश्चिमेची कुरणे आणि दलदली ह्या घराण्यात आल्या. त्यांवर १७२० नंतर मेफेअर उभे राहिले आणि १८२० नंतर बेलग्रेव्हिया. पट्टे बहुधा नव्व्याण्णव वर्षांच्या घरातले. मुदती भरत गेल्या तशी घरे परत येत गेली; कोणाला नजराणा घेऊन पुन्हा पट्टा दिला, कोठे जुनी घरे पाडून नवी बांधवली. पुढे हे घराणे वेस्टमिन्स्टरचे ड्यूक झाले.

श्रीमंत वस्तीत ही देवघेव निभावून गेली. गरीब वस्तीत मात्र तिचे रूप निराळे दिसले. पट्ट्याची दहा-पंधरा वर्षे उरली की त्या घरावर कोण खर्च करणार? आज बसवलेला दरवाजा उद्या मालकाचा होणार! असे शेपटाकडचे पट्टे मधले दलाल स्वस्तात उचलीत, एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबीत, आणि दुरुस्तीचे नाव न घेता उरलेल्या वर्षांत मिळेल तेवढे भाडे ओरबाडून घेत. लंडनच्या क्लार्कनवेल भागातली ही स्थिती श्रमिकांच्या घरांविषयीच्या शाही आयोगापुढे आली. १८८५ च्या त्या आयोगाचे अध्यक्ष सर चार्ल्स डिल्क होते आणि सभासदांत खुद्द युवराजही होते. पट्ट्यांची ही पद्धत झोपड्यांसारख्या वस्तीला कारण होते, असा ठपका आयोगाने ठेवला. त्याच सुमारास, १८८४ साली, हेन्री ब्रॉडहर्स्ट ह्या गवंडीकामातून वर आलेल्या सभासदाने पार्लमेंटात विधेयक आणले की, पट्टेदाराला योग्य किंमत देऊन जमीन विकत घेण्याचा हक्क असावा. ते मंजूर झाले नाही. मंजूर व्हायला त्र्याऐंशी वर्षे लागली!

एवढा वेळ का लागला? माझ्या मते कारण साधे आहे. ज्यांची घरे जाणार होती ते अजून जन्मलेले नव्हते. ते जन्मले, मोठे झाले आणि मतदार झाले ते दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांत.

ऱ्होंडा हे त्यांपैकी एक खोरे. १८५१ साली तेथे वस्ती अगदी विरळ होती. १९११ साली ती दीड लाखावर गेली. ह्या माणसांना घरे कोणी बांधून दिली? पुष्कळ ठिकाणी त्यांची त्यांनीच बांधली. खाणकामगार एकत्र येऊन घरबांधणीची मंडळे काढीत, प्रत्येकजण दरमहा ठरावीक रक्कम भरी, आणि घर तयार होईल तसे ते कोणाला मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवीत. आपल्याकडची भिशीच म्हणा ना! घाम गाळून उभे केलेले हे घर, पण खालची भुई जमीनदाराची, आणि पट्टा नव्व्याण्णव वर्षांचा. १८६० च्या सुमारास केलेला कागद १९६० च्या सुमारास संपणार, हे गणित कोणालाही करता येईल. पण करावेसे वाटत नसावे. मधल्या काळात जमीनदारही बदलले. १९३८ साली ब्यूटच्या मार्क्विसने कार्डिफमधली पट्ट्यावर दिलेली आपली विस्तीर्ण मालमत्ता एका कंपनीला विकून टाकली.

मुदत जवळ आली की मालकाचा माणूस येऊन घर तपासून जाई. पट्ट्यात अट असे की घर सुस्थितीत परत करावे. म्हणजे जे घर हातचे जाणार, तेच रंगवून, छप्पर दुरुस्त करून, वर स्वखर्चाने मालकाच्या स्वाधीन करायचे. कायद्याच्या दृष्टीने यात काहीच वावगे नव्हते. करार करारच होता. पण खाणीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याला अशी यादी हाती पडल्यावर काय वाटले असेल, ते सांगायला नको.

पार्लमेंट हळूहळू हलले. १९५१ च्या तात्पुरत्या कायद्याने मुदत भरलेल्यांना काही काळ अभय दिले. १९५४ च्या कायद्याने पट्टेदाराला घरात राहण्याची मुभा दिली, पण भाडेकरू म्हणून. आपल्याच आजाने बांधलेल्या घराचे भाडे नातवाने भरायचे! अखेर १९६६ साली मजूर सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि तीत एक सरळ तत्त्व मांडले: न्यायाच्या दृष्टीने जमीन जमीनमालकाची, परंतु घर त्यात राहणाऱ्या पट्टेदाराचे. १९६७ च्या कायद्याने एकवीस वर्षांहून लांब मुदतीच्या, अल्प भाड्याच्या पट्ट्यावरील घरात पाच वर्षे राहिलेल्या माणसाला जमीन विकत घेण्याचा, किंवा पट्टा पन्नास वर्षांनी वाढवून घेण्याचा हक्क मिळाला. आणि किंमत ठरवताना घराचे मोल धरायचे नाही, असे ठरले. प्रथम हा कायदा माफक किमतीच्या घरांपुरता होता. १९७४ साली मर्यादा वाढली आणि बेलग्रेव्हियातील काही धनिक पट्टेदारही त्यात आले. खाणकामगारासाठी उघडलेल्या दारातून गाडीघोडेवालेही आत शिरले. दुसऱ्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या विश्वस्तांनी तक्रार केली की, एकाची मालमत्ता काढून दुसऱ्या खाजगी माणसाला देणे यात सार्वजनिक हित ते कोणते? स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८६ साली त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सामाजिक अन्याय दूर करणे हेही सार्वजनिक हितच आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

आता मौज पाहा. जे तत्त्व मान्य करायला इंग्लंडला १९६६ साल उजाडले, ते आपल्या देशात त्यापूर्वी शंभर वर्षे न्यायालयाने बोलून दाखवले होते. १८६६ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक ह्यांच्यापुढे हाच वाद आला. न्यायालयाने सांगितले की, ह्या देशाच्या रूढीप्रमाणे घर केवळ जमिनीला जडले म्हणून जमीनमालकाचे होत नाही. प्रामाणिक हक्काने बांधणाऱ्याला सामान काढून नेता यावे, नाहीतर मोबदला मिळावा. पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये, पट्टा संपल्यावरही ताबा असेपर्यंत आपण बांधलेले काढून नेण्याचा हक्क भाडेकरूला मिळाला.

परंतु ह्या हक्कात दोन खोचा आहेत. एक म्हणजे, तो उलट करार नसेल तरच लागू. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईचा एक दावा आला. त्यातल्या पट्ट्यात मुदतीअखेर इमारत मालकाला द्यावी असे लिहिलेले होते. असा करार करायला कायद्याची आडकाठी नाही, असे न्यायालयाने ठरवले. दुसरी खोच व्यवहारातली. कुडाची भिंत, वासे आणि कौले बैलगाडीत घालून नेता येतील. चार मजली इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा बिऱ्हाडकरू काय काढून नेणार?

मुंबईत हा प्रश्न घरोघरचा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्यासारख्या वसाहती आखून भूखंड पट्ट्याने दिले, काही ९९ वर्षांच्या मुदतीने, तर काही ९९९ वर्षांच्या. ९९९ वर्षे मागे गेलो तर उत्तर कोकणात शिलाहार राज्य करताना दिसतात आणि अंबरनाथचे देऊळ अजून बांधून व्हायचे असते! असो. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि पट्टे तिच्याकडे आले. १९१० साली दिलेल्या ९९ वर्षांच्या पट्ट्याची मुदत २००९ साली भरली. येथे मालक कोणी ड्यूक नाही; मालक म्हणजे आपणच निवडून दिलेली संस्था. तिने भुई फुकटात सोडली तर बाकीच्या नागरिकांचे नुकसान, आणि बाजारभावाने नवे भाडे मागितले तर निवृत्तिवेतनावर राहणाऱ्याने जावे कोठे?

मुंबई बंदराच्या जमिनींबाबत असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ च्या निकालात न्यायालयाने भाडे वाढवण्याचा अधिकार मान्य केला, पण सार्वजनिक संस्थेने नफेखोर खाजगी मालकासारखे वागू नये, वाढ वाजवी असावी, असे बजावले. वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या पट्ट्यापाशी नव्याने ठरवावे लागते. पुष्कळ गृहसंस्थांचा मूळ कागद चिटणिसांच्या कपाटात तळाशी असतो; त्यातली मुदतीची तारीख सभासदांपैकी किती जणांनी वाचली आहे, हे पुढच्या वार्षिक सभेत एकदा विचारून पाहावे.