बेंजोचं कूळ

इंग्लंडातल्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताला जन्मतारखा आहेत. ‘द प्रॉडिजी’चा पहिला अल्बम ‘एक्सपिरियन्स’ सप्टेंबर १९९२ मध्ये आला. लियम हाउलेट या तरुणाने एसेक्समधल्या ब्रेनट्री गावी, बराचसा घरीच, रोलँड कंपनीच्या डब्ल्यू-३० या कीबोर्डवर तो रचला. त्याआधी तिथली पोरं काही वर्षं गोदामांत आणि उघड्या माळांवर रात्रभर नाचतच होती. पण तबकडी निघाली आणि त्या नाचाची नोंद झाली. अनंत चतुर्दशीला मुंबईत प्रभादेवीहून वीर सावरकर मार्गाने दादर चौपाटीकडे निघणाऱ्या मिरवणुकांपुढे जे वाजतं, ते नाचसंगीतच आहे आणि विजेवरच चालतं. त्याचा पहिला अल्बम मात्र कोणी काढलेला नाही. सिद्धिविनायक १८०१ पासून जागचा हललेला नाही आणि त्याचा इतिहास पाटीवर लिहिलेला आहे. मंडळांचे गणपती दरवर्षी जातात-येतात, त्यांच्यापुढच्या वाजपाचा इतिहास लिहायचा राहून गेला. म्हणून या संगीताचं कूळ माणसांवरून नव्हे, वाद्यांवरून लावावं लागतं.

मुख्य वाद्य बेंजो. अमेरिकेत ज्याला बँजो म्हणतात, ते कातडं ताणलेलं, लांब दांड्याचं वाद्य आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी घडवलं; त्याचा आपल्या बेंजोशी नावापलीकडे संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर बसवलेल्या गोल कळांच्या रांगा. डाव्या हाताने कळ दाबली की तार तेवढ्या जागी दाबली जाते आणि सूर ठरतो. उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. पेटीवाल्याची बोटं आणि सतारियाची नखी, दोन्ही एका वाद्यात. छेडलेला सूर लगेच विरतो, म्हणून लांब सूर हवा असेल तर नखी सारखी खालीवर पळवावी लागते. बेंजोचा तो थरथरता, घाईचा आवाज या नाइलाजातून आला आहे आणि तोच आता त्याची ओळख झाला आहे.

हे वाद्य जपानचं. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो या वादकाने ते बनवलं. तिथलं जुनं दोन तारांचं वाद्य त्याने घेतलं आणि त्याला कळा बसवल्या. त्या कळांची कल्पना टंकलेखन यंत्रावरून सुचली असं सांगतात, आणि वाद्याकडे पाहिलं की ते पटतंही. त्याच वर्षी जपानात सम्राट बदलून तायशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव ‘तायशोगोतो’ पडलं. स्वस्त, हलकं आणि शिकायला सोपं. गुरूच्या पायाशी दहा वर्षं बसायची गरज नव्हती. कळांवर आकडे लिहिलेले, आकडे वाचून गाणं वाजवा. ज्याला संगीताचं शिक्षण परवडत नाही त्याच्यासाठीच जणू ते घडवलं होतं. जपानी मालाच्या निर्यातीबरोबर ते आशियाभर गेलं. बलुचिस्तानात त्याचं ‘बेंजू’ झालं आणि तिथल्या वादकांनी ते मोठं करून मैफलीत मानाने बसवलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते तारब गाण्यांत शिरलं. हिंदुस्थानात त्याला ‘बुलबुलतरंग’ हे गोंडस नाव मिळालं आणि ते घराघरांत हौसेचं वाद्य म्हणून आलं.

गोंडस नाव रस्त्यावर टिकलं नाही. पेटीत पिकअप बसवला, वायर अँप्लिफायरला जोडली, आवाज भोंग्यातून बाहेर काढला, आणि दिवाणखान्यातलं वाद्य ताशा आणि नाशिक ढोलाच्या तोंडाला तोंड देऊ लागलं. आधी हे काम ब्रास बँडचं होतं. पण ट्रंपेट फुंकणाऱ्याला दम लागतो, आणि मिरवणूक आठ-आठ, दहा-दहा तास चालते. बेंजोवाल्याला दम लागत नाही, जनरेटरला फक्त डिझेल लागतं. मला वाटतं, बेंजोच्या यशामागे संगीतापेक्षा हा हिशेब मोठा आहे.

हार्मोनियमही परदेशी, कळांची, आपल्याकडे येऊन रुजलेली. तिच्यावर केवढे वाद झाले! १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, असे मोठमोठे आक्षेप घेतले गेले. हेच सगळे आक्षेप बेंजोलाही लागू पडतात. पण बेंजोवर कोणी टीकासुद्धा केली नाही. तो वाद घालण्याच्या पंक्तीतच कधी बसला नाही. प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर मिरवणुकीच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण या दोन जगांची गाठ सहसा पडत नाही.

विजेच्या वाजपाची या भागातली दुसरी शाखा गिरगावातून येते. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी ही पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या संगीतात तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर काढला, जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. क्लॅव्हियोलिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये निघालेलं, व्हॉल्व्हवर चालणारं छोटं विजेचं कळवाद्य. कल्याणजी गिरगावात वाढले, वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. त्या धूनवर तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आपण यंत्राच्या सुरावर नाचतोय हे त्याच्या गावीही नसतं. तीच धून आता बेंजोवर वाजते. फ्रेंच यंत्राने केलेली पुंगीची नक्कल जपानी तारांवर उतरते.

मग १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. परळ, लालबाग, प्रभादेवीच्या चाळींचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. बापाच्या जागी गिरणीत लागण्याची वाट ज्यांच्यापुढे बंद झाली, त्या पोरांना हंगामी सुपाऱ्या मिळवून देणारा बेंजो हा काही मोठा रोजगार नव्हता. गणपती, नवरात्र, आंबेडकर जयंती, कोळीवाड्यातली हळद, एवढेच त्याचे दिवस. पण ते रोख पैशांचे दिवस होते.

त्याच १९८२ मध्ये, याच शहरात, हिंदी चित्रपटांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’. रोलँडचं टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात. एचएमव्हीने ती काढली आणि ती पडली. टीबी-३०३ चा तो चिरकणारा, वळवळणारा आवाज पुढे १९८७ मध्ये शिकागोतून ‘ॲसिड हाउस’ म्हणून निघाला आणि इंग्लंडात त्याने धुमाकूळ घातला. हाउलेटची पिढी त्यातूनच आली. चरणजितजींची तबकडी एका डच संग्राहकाने २०१० मध्ये पुन्हा काढली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले, त्यांना तिकडे कार्यक्रमांना बोलावणं आलं. पण शिकागोवाल्यांनी ती ऐकली होती असं कोणी म्हणत नाही. यंत्र तेच असलं की हात वेगळे असूनही आवाज जवळपास येतो, एवढंच त्यातून दिसतं. मुंबईच्या विजेच्या नाचसंगीताला अल्बम मिळाला तो असा, आणि त्याच्यावर मुंबईत कोणी नाचलं नाही.

रोलँडचं जे यंत्र रस्त्यावर उतरलं ते दुसरंच. इकुतारो काकेहाशी यांनी ओसाकात १९७२ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९८५ मध्ये ‘ऑक्टापॅड’ आणला. आठ रबरी चौकोन, काठीने मारायचे. पहिल्याला स्वतःचा आवाज नव्हता, तो दुसऱ्या यंत्राला हुकूम सोडायचा. पुढच्या पिढ्यांत आवाज पोटातच आले. आपल्याकडे त्याला ‘ऑक्टोपॅड’ म्हणतात. बेंजो पार्टीत तो ढोलकीशेजारी उभा राहिला, कीबोर्ड आला, आणि आजचा मेळ तयार झाला. नागोयाच्या तारा आणि ओसाकाच्या कंपनीचे चौकोन, मध्ये त्र्याहत्तर वर्षांचं अंतर, आणि दोघांच्या मधून वाजणारा ठेका बहुतेक वेळा कोळीगीताचा.

मोठे डीजे आले तेव्हा बेंजो मागे पडेल असं वाटलं होतं. २०१८ मध्ये मिरवणुकांतल्या डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, आणि मंडळांना हाताने वाजवणारी माणसं पुन्हा आठवली. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम अर्थात बेंजोलाही लागू आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. हा आकडा पाळून कोणी मिरवणूक काढल्याचं ऐकिवात नाही, आणि रस्त्यावरच्या घरांत आजारी माणसं असतात हेही खरंच.

रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुखला घेऊन. त्याची गोष्ट अशी, की न्यूयॉर्कहून एक मुलगी मुंबईतल्या बेंजोवाल्याचा शोध घेत येते, त्याच्याबरोबर गाणं ध्वनिमुद्रित करायला. पडद्यावरसुद्धा बेंजोला अल्बम मिळण्यासाठी बाहेरचं माणूस लागलं. अलीकडे वरळी, लालबाग, जोगेश्वरी अशी वस्तीची नावं आणि पुढे ‘बीट्स’ लावलेली पथकं स्वतःची चित्रफीत स्वतःच फोनवर काढतात. खाली पथकाचं नाव असतं, मंडळाचं असतं, वर्ष असतं. बेंजो कोण वाजवतोय ते बहुधा लिहिलेलं नसतं.