थकलेले बिल आणि वसुलीचा जाच

क्रेडिट कार्डाचे बिल थकले की आधी बँकेचे सौम्य स्मरणपत्र येते. दोन-तीन महिने उलटले की फोनवरचा आवाज बदलतो. कार्यालयात वरिष्ठांच्या टेबलावर फोन वाजतो, सोसायटीच्या रखवालदाराकडे चौकशी होते, ‘उद्या पोलीस घेऊन येतो’ असे सुनावले जाते. मध्यमवर्गीय माणूस देण्याच्या ओझ्यापेक्षा चारचौघांत होणाऱ्या शोभेला अधिक घाबरतो आणि धाकदपटशाने होणाऱ्या वसुलीची सारी भिस्त या भीतीवरच असते. घेतलेले पैसे परत करणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु देणे थकले म्हणून कोणाची अब्रू बँकेकडे गहाण पडत नाही. देणे आणि दहशत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर दोन्हींतून मार्ग निघतो.

थकबाकी हा गुन्हा नव्हे

क्रेडिट कार्डाची थकबाकी हे मुळात दिवाणी स्वरूपाचे देणे आहे. खोटी कागदपत्रे देऊन किंवा फसवणुकीच्या हेतूने कार्ड घेतले नसेल, तर केवळ पैसे भरता आले नाहीत म्हणून पोलीस अटक करू शकत नाहीत. बँकेने दावा जिंकला तरी केवळ गरिबीमुळे पैसे देऊ न शकणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. त्यासाठी ऐपत असूनही देणे टाळण्याचा अप्रामाणिकपणा दिसावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९८० मध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रातून स्पष्ट केले.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. देण्यापोटी दिलेला धनादेश खात्यात पैसे नसल्याने परत गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. खात्यातून परस्पर हप्ता वळता करण्याचा आदेश पैशाअभावी परत गेल्यासही तशीच तरतूद लागू होऊ शकते. म्हणून एजंटाच्या आग्रहाखातर ‘नुसता हमी म्हणून’ पुढील तारखेचा धनादेश देणे धोक्याचे आहे. अशा धनादेशाबाबत कायदेशीर नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची संधी असते. ती नोटीस बाजूला ठेवून देऊ नये.

एजंटांना घातलेल्या मर्यादा

दांडगटांकरवी वसुली करण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कडक ताशेरे ओढले. त्यानंतर २४ एप्रिल २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांबाबत सविस्तर सूचना दिल्या. एजंटाने ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र जवळ बाळगावे, प्रकरण कोणत्या संस्थेकडे सोपवले हे बँकेने ग्राहकाला कळवावे, एजंटांना प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत बजावले होते.

१२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने ही बंधने अधिक नेमकी केली. थकीत वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नये. शिवीगाळ, मारहाण वा धमकी नको. चारचौघांत अपमान करू नये. कुटुंबीय, मित्र किंवा संदर्भासाठी नावे दिलेल्या व्यक्तींच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करू नये. समाजमाध्यमांवरून अनुचित संदेश पाठवू नयेत. निनावी फोन वा एकसारखा फोनचा मारा करू नये. खोटी माहिती देऊन घाबरवू नये. एजंट बाहेरच्या संस्थेचा असला तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवरच राहते. ‘तो आमचा कर्मचारी नाही’ हे उत्तर त्यामुळे टिकत नाही.

जामीनदार किंवा सहकर्जदार नसलेल्या नातेवाइकांकडून पैसे मागण्याचा एजंटाला हक्क नाही. कार्डधारकाचे निधन झाले असेल, तर वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. कार्डाचे देणे सहसा विनातारण असते. त्यामुळे घरात शिरून दूरचित्रवाणी संच किंवा दुचाकी उचलून नेण्याचा अधिकार कोणाही एजंटाला नाही. जप्ती होते ती न्यायालयाच्या आदेशाने.

बिलच चुकीचे असेल तर

न केलेली खरेदी, रद्द केलेल्या कार्डाचे वार्षिक शुल्क, भरूनही जमा न झालेली रक्कम अशा कारणांनी बिल वादात असेल, तर फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा लगेच लेखी हरकत घ्यावी आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. अशा तक्रारीवर बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा करावा, गरज पडल्यास पुराव्याची कागदपत्रेही द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली संस्थेकडे देऊ नये, असेही २००८ च्या सूचनांत म्हटले होते. वारंवार निरर्थक तक्रारी करणाऱ्यांना मात्र ही सवलत नव्हती. बिलातील वाद नसलेली रक्कम वेळेवर भरावी. त्यामुळे व्याज वाचते आणि ग्राहकाची बाजूही भक्कम होते.

पुरावा कसा जमवावा

एजंटाला उलट शिवीगाळ करणे किंवा फोन बंद करून बसणे, हे दोन्ही उपाय ग्राहकाच्या अंगलट येतात. त्यापेक्षा एक वही करावी. तारीख, वेळ, फोन क्रमांक, बोलणाऱ्याचे नाव, त्याने सांगितलेली संस्था आणि नेमके शब्द तीत लिहावेत. आलेल्या फोनचे ध्वनिमुद्रण, संदेश आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रण जपावे. ज्या मोबाइलवर ते साठवले तोही ठेवावा. एजंट दारात आल्यास ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहिल्याशिवाय बोलू नये. त्याला घरात घेण्याचे बंधन नाही.

तक्रारीची पायरी

पहिली तक्रार बँकेच्या तक्रार निवारण किंवा नोडल अधिकाऱ्याकडे ई-मेलने अथवा नोंदणीकृत टपालाने करावी. तीत कार्ड क्रमांकाचे शेवटचे चार अंक, छळाच्या तारखा आणि वेळा, वसुली संस्थेचे नाव आणि आपली मागणी मोजक्या शब्दांत लिहावी. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपली हजारो जुनी परिपत्रके विषयवार एकत्र केली आहेत. म्हणून परिपत्रकाच्या क्रमांकावर भर न देता कोणता नियम मोडला, हे स्पष्ट शब्दांत मांडावे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक वाटले, तर विलंब न लावता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

धमकी, मारहाण किंवा घरात घुसण्याचा प्रकार घडल्यास मात्र ३० दिवस थांबण्याचे कारण नाही. तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गुन्हेगारी धमकीसाठी कलम ३५१, खंडणीसाठी ३०८ आणि गृहअतिक्रमणासाठी ३२९ आहे. पोलिसांनी केवळ अदखलपात्र नोंद केली, तरी तिची प्रत घ्यावी. बँकेकडे आणि लोकपालाकडे ती उपयोगी पडते.

तडजोड करताना

जाच थांबला म्हणजे देणे संपले असे नाही. कार्डावरील व्याज अनेकदा महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक असते आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास मुद्दल जवळजवळ हलत नाही. म्हणून नोकरी गेल्यास किंवा आजारपण आल्यास बँकेला आपणहून कळवून हप्ते बांधून मागावेत. एकरकमी तडजोड ठरल्यास बँकेचे पत्र हाती आल्यावरच पैसे भरावेत आणि ते फक्त बँकेच्या खात्यात भरावेत. एजंटाच्या हाती किंवा त्याच्या खासगी खात्यात नव्हे. शेवटी थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. तडजोडीत सूट मिळाली, तर पतअहवालात कर्ज ‘पूर्ण फेडले’ असे न दिसता ‘तडजोडीने मिटले’ असे दिसते आणि पुढे गृहकर्ज घेताना ते आड येऊ शकते. लोकअदालतीची नोटीस म्हणजे अटकेचे वॉरंट नव्हे. मात्र तेथे झालेली तडजोड अंतिम असते.

जुन्या देण्याबाबत मुदतीचा कायदाही ध्यानात ठेवावा. दावा लावण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची असते. मुदत संपण्यापूर्वी सही करून देणे लेखी मान्य केले किंवा काही रक्कम भरून त्याची लेखी नोंद राहिली, तर ती नव्याने मोजली जाते. ‘सध्या ५०० रुपये तरी भरा’ या आर्जवामागे कधी कधी हेही गणित असते. मुदत उलटल्यावर दावा लागत नाही, पण देणे पुसले जात नाही आणि पतअहवालातील नोंदही आपोआप जात नाही. म्हणून अशा जुन्या कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. ज्यांना वकील परवडत नाही अशा पात्र व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो.