गळ्यातल्या हंसलीपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत

दरवर्षी स्मरणिकेसाठी कार्यकारिणी माझ्याकडे 'रेल्वेचे काहीतरी' मागते. झाशीच्या कारखान्याचा १८९५ पासूनचा इतिहास मी दोनदा लिहून झालो आहे, तिसऱ्यांदा वाचायला कोणी तयार होणार नाही. यंदा वेगळा विषय घेतला आहे. त्याला कारण घरचेच आहे, ते पुढे येईलच.

इलाइट चौराह्यावर संध्याकाळी उभे राहिले की पाठीवर बॅग अडकवून जिमकडे निघालेली मुले दिसतात. त्या बॅगेत पाण्याची बाटली, टॉवेल आणि हल्ली बऱ्याचदा एक रुंद पट्टा असतो, त्याला पुढे लोखंडी साखळी. पट्टा कमरेला बांधायचा, साखळीत लोखंडी प्लेट ओवायची आणि ते वजन पायांच्या मध्ये लोंबते ठेवून सिंगल बारवर वर जायचे किंवा डबल बारवर खाली-वर व्हायचे. मुलांना वाटते ही परदेशातून आलेली नवी चीज आहे. पट्टा नवा असेल, पण अंगाला वजन बांधून व्यायाम करण्याची कल्पना आपल्या या भागात फार जुनी आहे.

झाशीपासून दतिया पाऊण तासाच्या वाटेवर. तिथल्या संस्थानात महाराज भवानीसिंहांच्या आश्रयाला गामा पहिलवान होता. १८७८ चा जन्म. १८८८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांचा असताना, जोधपूरला झालेल्या बैठकांच्या चढाओढीत तो उतरला आणि तिथे त्याचे नाव झाले. मोठेपणी तो बैठका काढताना गळ्यात दगडी कडे घालत असे. त्याला हंसली म्हणतात. त्याची म्हणून दाखवली जाणारी सुमारे ९५ किलोची हंसली पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. आखाड्यांत अशाच कड्याला गरनाळ असेही म्हणतात. दंड काढताना ते मानेवर, बैठका काढताना खांद्यावर. यात पट्टा नाही, साखळी नाही, बकल नाही. तुटण्यासारखे काहीच नाही, दगड फुटला तरच. माझ्यासारख्या देखभालीच्या माणसाला ही गोष्ट फार आवडते.

बडोद्याला १९०२ मध्ये गामाने १२०० किलोचा दगड उचलला असे सांगतात. तो दगडही तिथल्या संग्रहालयात आहे. वॅगनची चाकजोडी हलवायला आम्ही क्रेन लावतो, तेव्हा 'उचलला' या शब्दाविषयी मी जरा सावध आहे. पण १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये झ्बिस्को या पोलंडच्या मल्लाशी तो अडीच तासांहून अधिक लढला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि १७ तारखेच्या फेरकुस्तीला झ्बिस्को आलाच नाही, हे कागदोपत्री नोंदलेले आहे. गामाला तेव्हा बक्षीस म्हणून काय मिळाले? 'जॉन बुल' पट्टा! कमरेचा पट्टा त्याला जिंकल्यावर मिळाला, मेहनत त्याने गळ्यातल्या दगडावर केली होती.

आता आपल्या मराठी मंडळींकडे येऊ. १८१८ नंतर दुसरे बाजीराव बिठूरला आले. त्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले ही परंपरा सर्वांना माहीत आहे. निजामाकडच्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान त्यांनी कसे स्वीकारले ही कथा आमच्या आजोबांच्या तोंडी असे. त्याच बिठूरच्या वातावरणात मोरोपंत तांब्यांची मनू वाढली आणि १८४२ मध्ये लग्न होऊन झाशीला आली. राणीसाहेबांना व्यायामाची किती आवड होती हे गोडसे भटजींनी 'माझा प्रवास' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. भटजी वेढ्याच्या काळात झाशीतच होते. त्यांचे पुस्तक मात्र चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले.

एप्रिल १८५८ च्या आरंभी राणीसाहेब रात्री झाशीतून निघाल्या तेव्हा दामोदररावांना पाठीशी बांधले होते, असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि पुतळ्यांत पाहतो. इतिहासकार त्यावर वाद घालतात, तो त्यांचा अधिकार. मी इंजिनिअर म्हणून फक्त हिशोब करून पाहिला. दामोदररावांचा जन्म १८४९ चा. म्हणजे मूल आठ-नऊ वर्षांचे, वजन वीस किलोच्या आसपास तरी धरावे लागेल. ते कापडाने पाठीला बांधून घोड्यावरून भांडेरपर्यंत वीस-एक मैल आणि पुढे काल्पी. चालत्या घोड्यावर प्रत्येक टापेला ते वजन झटका देणार. पुस्तकातला साधा नियम आहे, डिप्लोमाच्या वर्गात आम्ही तो घोकला होता: वजन अलगद टेकवले तर जितका ताण येतो, तेच एकदम सोडले तर निदान दुप्पट येतो. झटका बसला तर त्याहून जास्त. म्हणजे त्या कापडाच्या गाठीवर वीस नव्हे, चाळीस किलोंच्या वरचा भार प्रत्येक टापेला. गाठ कोणी मारली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

डबल बार आपला नव्हे, हेही सांगितले पाहिजे. बर्लिनच्या यान नावाच्या शिक्षकाने १८११ मध्ये उघड्या मैदानावर व्यायामशाळा काढली, तिथून हे बार जगभर गेले आणि आपल्या व्यायामशाळांनी ते जोर-बैठका, जोडी, मल्लखांबाच्या शेजारी आनंदाने उभे केले. अमरावतीच्या १९१४ च्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनलाच जाऊन आपले व्यायाम दाखवले. एक प्रकारे परतफेडच झाली.

आता घरचे कारण. आपल्या मंडळाच्या खोलीमागे वर्गणीतून पाइप आणून उभे केलेले सिंगल बार व डबल बार आहेत. माझा पुतण्या तिथे सैन्यभरतीची तयारी करतो. भरतीत बीमवर दहा पुल-अप्स काढले तर ४० गुण, सहा काढले तर १६. तो सातावर अडकला होता. कोणी सांगितले, वजन बांधून सराव कर, मग बिनवजनाचे सोपे होईल. सल्ला बरोबर होता. मंडळाने पट्टा घ्यायचे ठरवले आणि 'तुम्ही रेल्वेतले, तुम्हीच बघा' म्हणून काम माझ्यावर आले. मी सर्वांत स्वस्त पट्टा घेतला. हातात ओढून पाहिला, ठीक म्हणालो. तिसऱ्या आठवड्यात पंधरा किलोची प्लेट खाली आली. पुतण्याचा पाय वीतभर बाजूला होता. "काका, रिंग खुल गई," एवढेच तो म्हणाला. मला रात्रभर झोप आली नाही, कारण ती रिंग मी पास केली होती. कारखान्यात असा जोड मी कधी पास केला नसता.

रिंग पाहिली तेव्हा कळले. ती सळई वाकवून केलेली होती, जोड वेल्ड केलेला नव्हता. प्रत्येक झटक्याला फट थोडी थोडी रुंदावत गेली. साखळीला काहीही झाले नव्हते. सहा मिलिमीटरची साधी साखळीसुद्धा काही शे किलो सहज तोलते, हे मला माहीत होते. मी साखळीकडेच पाहत बसलो आणि रिंगकडे पाहिले नाही.

दुसरा दोष साखळीच्या लांबीचा होता. साखळी आखूड असली की तिची दोन्ही टोके कमरेपासून आडवी जातात आणि प्रत्येक टोकावर ताण वाढतो. टोके सरळ खाली लोंबत असतील तर पंधरा किलोत प्रत्येकी साडेसात. तीच उभ्या रेषेपासून साठ अंश उघडली तर प्रत्येकी पूर्ण पंधरा. तेव्हा साखळी लांब घ्यावी, प्लेट मांड्यांच्या मधोमध खाली लोंबेल इतकी. फार लांब झाली तर गुडघ्यांवर आपटते, हेही आहे.

मग मी काय केले? महाग चामड्याचा पट्टा घेण्याइतके पैसे मंडळाकडे नव्हते, आणि मला वाटते गरजही नव्हती. नायलॉनचा तोच पट्टा ठेवला. पाठीमागे तो चांगला चार बोटांहून रुंद आहे, कारण अरुंद पट्टा कमरेच्या हाडावर रुततो. रिंगा काढून हार्डवेअरच्या दुकानातून वेल्ड केलेल्या दोन जाड डी-रिंगा आणल्या. रिंगेजवळची शिलाई मोच्याकडून चौकोन आणि मध्ये फुली अशी दुहेरी मारून घेतली. ओतीव कच्च्या धातूचा चकचकीत हूक फेकून पोलादी शॅकल लावले. सगळे मिळून नव्या चामडी पट्ट्याच्या निम्म्यापेक्षा कमी खर्च आला. नंतर पट्टा बारला टांगून त्याला वापरायच्या वजनाच्या दुप्पट वजन लावले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी रिंगा मोजल्या. फरक नव्हता. तरी दर महिन्याला मी त्या मोजतो, मुले हसतात.

गामाचा दगड वरून मणक्याला दाबत होता. कमरेला लोंबते वजन मणक्याला दाबत नाही, उलट खाली ओढते, म्हणून पाठीच्या दृष्टीने ते बरे. पण खांदे आणि कोपरांवर सगळा भार येतो, तेव्हा आधी बिनवजनाचे दहा-बारा स्वच्छ निघेपर्यंत डबल बारवर पट्ट्याला हात लावू द्यायचा नाही असा नियम आम्ही केला आहे. सिंगल बारवर भरतीवाल्यांना सूट आहे, पण पाच किलोपासूनच सुरुवात.

पुतण्याचे आता नऊ निघतात. जुनी उघडलेली रिंग मी मंडळाच्या खोलीत, खिळ्यावर, पट्ट्याच्या शेजारीच टांगून ठेवली आहे. उत्सवात दर्शनाला याल तेव्हा पाहा.