न दिसणारी वायर : कार रेडिओपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत

हा भाग तुमच्यापैकी बरेच जण गाडीत ऐकत असणार. फोन चार्जिंगला, काचेवर डॅशकॅम, डिकीत ॲम्प्लिफायर आणि यातल्या एकाचीही वायर दिसत नाही. दिसली की आपण लगेच म्हणतो, काम कच्चं केलंय राव. ही वायर लपवायची गरज पहिल्यांदा कुणाला पडली आणि कोल्हापुरात ती कुठवर पोचली, ते आज बघू.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा सगळे मोबाइल वर होतात. १९३० च्या दशकातली ही गाडी. त्या काळच्या गाडीतली वायर म्हणजे तांब्याची तार, त्यावर रबर आणि वरून सुती विणकाम. असायचीही थोडकीच : हेडलाइट, हॉर्न, इग्निशन, सेल्फ, डायनामो. त्याच्याही आधीच्या गाड्यांना दिवे असायचे ते कार्बाइडच्या गॅसवर जळणारे, भोंगा रबरी फुग्याचा, आणि इंजिन सुरू करायला हँडल मारायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ बसवला. तिथून दणकट बॅटरी आणि ती भरणारा डायनामो गाडीत कायमचे आले. आता घरात फुकटची वीज असल्यावर माणूस गप्प बसेल होय?

कंपनीनं न दिलेली वस्तू नंतर आत बसवायची आणि वायर झाकायची, हा उद्योग जोरात सुरू झाला तो कार रेडिओमुळं. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विननं मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. हो, तीच मोबाइलवाली मोटोरोला. पण तो बसवणं म्हणजे गाडीचं ऑपरेशनच. डॅशबोर्ड खोलायचा, रेडिओची वेगळी बॅटरी ठेवायला फळ्या कापायच्या, अँटेनाची तार छताच्या कापडाआड पसरायची. वर स्पार्क प्लगची खरखर बंद करायची ती वेगळीच. गॅल्विनची एक गोष्ट नेहमी सांगतात. कर्ज मिळावं म्हणून त्यानं एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात गाडीनं पेट घेतला आणि कर्ज काही मिळालं नाही. आपल्या कोल्हापुरी भाषेत, जाळ अन् धूर संगटच. गोष्टीत थोडा मसाला असेलही, पण तिच्यातला धोका शंभर टक्के खरा आहे.

आता इकडं या. कोल्हापूर हे तसं वायरवाल्यांचं गाव नव्हतंच. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं इथं कारखानदारी उभी केली, शिवाजी उद्यमनगरचं नाव झालं ते ऑइल इंजिनांवर. आणि डिझेलवरच्या त्या इंजिनाला ना प्लग, ना बॅटरी. दाबानं हवा तापते, त्यात डिझेल पेटतं, सुरू करायला हँडल. म्हणजे लोखंडात बाप असलेल्या या गावात वायरिंगची विद्या आली ती मोटारीबरोबर, ट्रक-एसटीबरोबर. हायवेलगतच्या गॅरेजांवर ‘सेल्फ-डायनामो, बॅटरी, वायरिंग’ अशी पाटी अजून दिसते. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला त्याला जमाना झाला, पाटीवर मात्र तो शाबूत आहे. मला या पाट्या फार आवडतात.

१९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, मोटारीचं इलेक्ट्रिक सामान देशात बनू लागलं. तेव्हाचा डायनामो साधारण २२ अँपिअर द्यायचा. दोन हेडलाइटच ९-१० अँपिअर खायचे, इग्निशन आणि हॉर्न वेगळे. त्यामुळं रेडिओ आणि एखादा छोटा पंखा बसवला की संपलं. मग कॅसेट आली, अल्टरनेटर आला, मोठे ॲम्प आले. ३०० वॅटचा ॲम्प १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढतो. म्हणजे जुना अख्खा डायनामो एकट्या गाण्याला कमी पडला असता.

आणि ही एवढी जाड वायर लपवायची. इथं कारागिराची खरी परीक्षा आहे. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बोनेटमधून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकात रबर बसवतोच, नाहीतर कंपनामुळं पत्र्याची धार वायरचं सोलपट काढते. पुढं दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचलून तिच्याखालून मागं जायचं. सीटच्या रुळाखालून कधीच नाही, कारण सीट मागं-पुढं होताना वायर चेंगरते. वर जायचं तर खांबावरच्या पॅनेलआडून, पण तिथं एअरबॅग असेल तर तिच्या मागून, पुढून नव्हे. आणि फ्यूज बॅटरीला खेटून, वीतभर अंतरात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. फ्यूज ॲम्पजवळ लावला आणि वायर मधेच पत्र्याला टेकली, तर शॉर्ट फ्यूजच्या अलीकडं होतो. फ्यूजला पत्ताच नाही, बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि गालिच्याखाली वायरच शेगडी होते. उघडी वायर निदान जळताना दिसते हो.

नव्या गाड्यांत खेळ आणखी बदलला. १९८६ मध्ये बॉशनं कॅन नावाची पद्धत आणली. त्यात गाडीतले छोटे कॉम्प्युटर दोन तारांवर एकमेकांशी बोलतात. तिथं टेस्ट लॅम्प टोचून ‘ही लाइटची दिसते’ असं चालत नाही. म्हणून दुकानदार आता छातीठोक सांगतो, ‘भावा, कपलर टू कपलर, एक वायर कापणार नाही.’ तो खरंच कापत नाही ना, हे बघायला पॅनेल लावायच्या आधी जाऊन उभं राहा.

पण आपल्या जिल्ह्यात या विद्येचा नाद कुठं बघायचा असेल तर गळीत हंगामात रस्त्यावर या. ट्रॅक्टरला डेक, बॉक्स, रंगीत एलईडी. हूडच्या पोकळ पाइपातून वायर अशी ओवलेली की सापडत नाही. कारागिरी नाद खुळा, यात वाद नाही. आणि त्याच ट्रॅक्टरमागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, अंधारात, मागं एक दिवा नाही. दुचाकीवाल्याला समोर ट्रॉली आहे हे ती धडकण्याइतकी जवळ आल्यावर कळतं. रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दरवर्षी होतात. पट्टीवर चिखल बसला, पाचट लोंबलं की तीही दिसत नाही.

हे पैशामुळं होतं असं मी मानत नाही. डेकची वायर एकदा आत गेली की सुरक्षित. ट्रॉलीची वायर मात्र उघड्यावर. हुकातून ट्रॉली सुटते-जोडते तिथं ती रोज ओढली जाते, उसाच्या वाड्यात अडकते, कारखान्याच्या आवारात तुटते. सात पिनांचं सॉकेट त्यासाठीच असतं, पण त्यात चिखल भरला की आठवड्यात कुणीतरी ते तोडून टाकतं. त्यातून या वायरचं कुणी कौतुकही करत नाही, कारण तिचा दिवा मागच्याला दिसतो, चालवणाऱ्याला नाही. मागचा एक दिवा ५ वॅटचा. दोन ट्रॉल्यांचे चार मिळून २० वॅट, म्हणजे दोन अँपिअरसुद्धा नाहीत.

तुमच्या गावात कुणी ही ट्रॉलीची वायर चेसीच्या आतून, पाइपात घालून नीट नेली असेल तर फोटो पाठवा. सॉकेट कुठं बसवलंय आणि हुकापाशी वायरला ढील किती सोडलाय, तेही कळवा. पुढच्या भागात तेच दाखवू.