घरी कोम्बुचा बनवताय? चकतीपेक्षा विरजणाकडे लक्ष द्या

काचेच्या बरणीत गोड चहा आणि वर तरंगणारी पांढरट, गिळगिळीत चकती. कोम्बुचाच्या रील्समध्ये सगळं कौतुक या चकतीचं असतं. तिला ‘स्कोबी’ म्हणतात. प्रत्यक्षात ती बॅक्टेरियांनी तयार केलेली सेल्युलोजची साय आहे. चहा आंबवणारे यीस्ट आणि बॅक्टेरिया चकतीत असतात, तसेच आधीच्या आंबट कोम्बुचातही असतात. हा आंबट कोम्बुचा म्हणजेच विरजण. ते कमी पडलं की घोटाळा होतो.

यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल करतात. पण याला काही दिवस लागतात. तोवर नुसता गोड चहा म्हणजे बुरशीला मोकळं रान. विरजण घातलं की चहा पहिल्याच दिवशी आंबट होतो आणि नको ते जंतू सहसा वाढत नाहीत.

प्रमाण सोपं आहे. एक लिटर पाणी, 70 ते 80 ग्रॅम साखर, दोन चमचे साधी चहा पावडर. दूध, आलं, वेलची काही नको. चहा गाळून पूर्ण थंड करा, कारण गरम चहात विरजण मरतं. मग त्यात किमान 100 मिली आंबट कोम्बुचा आणि चकती घाला. पहिल्यांदा करताना विकतचा, फ्लेवर नसलेला आणि पाश्चराइझ न केलेला कोम्बुचा विरजणाला चालतो. हवा लागते, म्हणून झाकण नाही. चिलटं शिरू नयेत म्हणून तोंडाला दाट विणीचं कापड बांधा. 7 ते 10 दिवसांत तयार होतो, उन्हाळ्यात आणखी लवकर.

लोणच्याची चिनी मातीची बरणी मात्र वापरू नका. काही झिलईत शिसं असतं आणि आम्लामुळे ते पेयात उतरू शकतं. ऑस्ट्रेलियात अशा भांड्यातल्या कोम्बुचामुळे शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. तांब्या-पितळेची भांडीही नकोत.

खाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे असतात, घाबरू नका. चकतीवर कोरडे, केसाळ, हिरवे-काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. वरवर खरवडून भागत नाही. चकतीसकट सगळं फेकावं लागतं, जीव कितीही हळहळला तरी.

फळं घालून बाटली घट्ट बंद केली की आत गॅस साठतो. पातळ काचेची बाटली फुटू शकते, म्हणून जाड बाटली घ्या आणि फसफस आली की फ्रिजमध्ये ठेवा.

वजन, लिव्हर, कॅन्सर यांवरच्या दाव्यांना माणसांवरच्या चाचण्यांचा भक्कम आधार नाही. उलट 1995 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रोज कोम्बुचा पिणाऱ्या दोन महिलांच्या रक्तात आम्ल धोकादायक वाढलं, त्यातली एक दगावली. कारण कोम्बुचाच होता, हे सिद्ध झालं नाही. तरी गरोदर महिला, लहान मुलं, लिव्हरचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घरचा कोम्बुचा टाळावा. त्यात थोडं अल्कोहोलही असतं, आणि बरणी जास्त दिवस ठेवली म्हणून ते शून्यावर येत नाही.