टू-स्ट्रोक गाडीचा कार्ब्युरेटर कसा ट्यून करतात? नागपूरच्या उन्हाळ्यात बसवलेला जेट थंडीत इंजिन का जाम करतो?

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, पण नागपुरात तिचा आवाज अजूनही कानावर येतो. काही जण ती मातीच्या ट्रॅकसाठी तयार करून घेतात. अशी गाडी मे महिन्यात मस्त पळते आणि जानेवारीत अचानक जाम होते. लोक मेकॅनिकला दोष देतात, पण खरं कारण अनेकदा हवेत असतं.

हवेचा आणि जेटचा संबंध काय?

कार्ब्युरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. पण त्याला हवा किती गरम आहे हे कळत नाही. त्यातला जेट म्हणजे ठरावीक मापाचं एक बारीक छिद्र.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. थंडीच्या पहाटे तो कधी १० अंशांपर्यंत उतरतो. गरम हवा विरळ असते. ४५ अंशांच्या तुलनेत १० अंशांच्या हवेत सुमारे १२ टक्के जास्त ऑक्सिजन असतो. म्हणजे उन्हाळ्यात अचूक बसलेला जेट थंडीत कमी पडतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, यालाच मिश्रण 'लीन' होणं म्हणतात. उलट झालं तर 'रिच'.

लीन मिश्रण धोक्याचं का?

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलची वाफ होताना पिस्टन थंडही होतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल, तर पेट्रोलसोबत ऑइलही कमी जातं. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. मागचं चाक जागेवर थांबतं. वेगात असताना हे झालं तर चालक पडू शकतो. अशा वेळी लगेच क्लच दाबा.

मिश्रण रिच असेल तर धूर वाढतो, प्लग काळा आणि ओला होतो, पिकअप मरतो. त्रास होतो, पण इंजिन सहसा वाचतं. म्हणून शंका असेल तर थोडं रिच ठेवावं.

कोणता भाग कधी काम करतो?

• पायलट जेट आणि एअर स्क्रू: आयडलिंगपासून पाव थ्रॉटलपर्यंत
• नीडल: पाव ते पाऊण थ्रॉटल
• मेन जेट: पाऊण ते पूर्ण थ्रॉटल

थ्रॉटल किती उघडल्यावर गाडी अडखळते ते आधी पाहा. त्यावरून कोणत्या भागाला हात लावायचा ते कळतं.

ट्यूनिंगचा क्रम

१. एअर फिल्टर साफ करा. मॅनिफोल्डचं रबर फाटलेलं नाही ना, ते बघा. तिथून हवा शिरत असेल तर जेट बदलून उपयोग नाही.

२. इंजिन गरम करा. एअर स्क्रू फिरवून आयडलिंग सर्वात स्थिर कुठे होतं ते शोधा. ही जागा साधारण १ ते २.५ आट्यांमध्ये यायला हवी. एका आट्याच्या आत आली तर मोठा पायलट जेट लागतो, अडीचच्या पुढे गेली तर लहान.

३. मेन जेट बदला. नंबर जितका मोठा, तितकं पेट्रोल जास्त. मोकळ्या बंद मैदानात नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर थोडं चालवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर लीन, काळा ओला असेल तर रिच. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रयोग करू नका.

४. शेवटी नीडल. क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. क्लिप वर घेतली तर लीन.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहून ठेवा.

ऑइल आणि ई-२०

'जास्त ऑइल टाकलं म्हणजे इंजिन सुरक्षित' हा समज अर्धाच खरा आहे. टाकीत ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण लीन होतं. ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आणखी लीन होतं. जुनी रबरंही त्याने लवकर खराब होऊ शकतात.

लक्षात काय ठेवायचं?

टू-स्ट्रोक क्वाडलाही हेच नियम लागू होतात. नागपूरहून चिखलदऱ्याला चढलात तर हवा विरळ होऊन मिश्रण रिच होईल. तिथे लहान जेट बसवला असेल, तर खाली उतरताना तो बदलायला विसरू नका. आणि दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की उन्हाळ्याचा मेन जेट काढून एक नंबर मोठा बसवून तपासा. नवा पिस्टन आणि बोअरिंगच्या खर्चापुढे जेटची किंमत काहीच नाही.